पीएसएटीची तयारी: ब्लूबुक, प्रश्नपेढी आणि खान अकादमी, दोन मुलांच्या अनुभवातून

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, मराठी घरांमध्ये एक प्रश्न हमखास फिरतो: पीएसएटीसाठी कुठला क्लास लावलात? मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. आमच्या मुलीने ही परीक्षा ऑक्टोबर २०२३ मध्ये दिली आणि आता मुलाची तयारी चालू आहे. दोघांसाठी आम्ही तीनच साधनं वापरली: कॉलेज बोर्डाचं, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं, ब्लूबुक हे ॲप, त्यांचीच ऑनलाइन प्रश्नपेढी आणि खान अकादमी या शिकवणाऱ्या संकेतस्थळावरचा एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा, अभ्यासक्रम. तिन्ही फुकट आहेत. माझं मत विचाराल तर बहुतेक मुलांना यापलीकडे काही लागत नाही. फक्त एक अट आहे: गणिताला जितका वेळ देता त्याच्या दुप्पट इंग्रजीला द्या. हे मी अंदाजाने म्हणत नाही. त्याचा हिशोब पुढे मांडलाय आणि ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी तेवढा भाग तरी नक्की वाचावा.

आधी परीक्षेबद्दल थोडक्यात. पीएसएटी ही एसएटीच्या आधीची परीक्षा, शाळेतच होते, ऑक्टोबर महिन्यात. २०२३ च्या शरद ऋतूपासून ती अमेरिकेत पूर्णपणे कॉम्प्युटरवर आली. एकूण ९८ प्रश्न, वेळ २ तास १४ मिनिटं. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, मग गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा भाग सोपा येणार की कठीण ते ठरतं. गुण ३२० ते १५२० मध्ये मिळतात, म्हणजे एकेका विभागाला जास्तीत जास्त ७६०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. हे गुण कॉलेजांकडे जात नाहीत. नववी-दहावीत दिलेली परीक्षा हा निव्वळ सराव. अकरावीतली मात्र नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्तीसाठी धरली जाते आणि सगळी धावपळ त्या एका सकाळसाठी असते.

आता तो हिशोब. नॅशनल मेरिटवाले १५२० पैकीचे गुण बघतच नाहीत. त्यांचा वेगळा निर्देशांक असतो, सिलेक्शन इंडेक्स म्हणतात त्याला. वाचन-लेखनाच्या गुणांची दुप्पट करायची, त्यात गणिताचे गुण मिळवायचे आणि बेरजेला दहाने भागायचं. जास्तीत जास्त २२८. पुढच्या फेरीत जायला, म्हणजे सेमीफायनलिस्ट व्हायला, प्रत्येक राज्याचा कटऑफ वेगळा असतो आणि न्यू जर्सीचा देशातल्या सर्वांत वरच्या कटऑफपैकी एक. मुलीच्या बॅचला, म्हणजे २०२५ मध्ये शाळा संपवणाऱ्या मुलांना, इथे २२५ लागले.

आता दोन मुलं धरा. एकाला गणितात पैकीच्या पैकी, ७६०, आणि इंग्रजीत ७४०. एकूण १५००. दुसऱ्याला इंग्रजीत ७६० आणि गणितात ७३०. एकूण १४९०. आपल्याकडे कोणालाही विचारा, पहिला हुशार म्हणतील. पण पहिल्याचा निर्देशांक येतो २२४ आणि दुसऱ्याचा २२५. जास्त गुण मिळवलेला पहिला मुलगा एका अंकाने बाहेर आणि दहा गुण कमी असलेला दुसरा सेमीफायनलिस्ट. मी हे जेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा नवऱ्याला हाक मारून दाखवलं. आपल्या घरांमध्ये मुलांना दुसरीपासून गणिताच्या वर्गाला घालतात, गणिताच्या स्पर्धांना नेतात, आणि इंग्रजीचं काय, मुलं इथेच जन्मली, बोलतात की फाडफाड, असं म्हणून सोडून देतात. बोलणं वेगळं आणि ही परीक्षा वेगळी. जिथे एक गुण दोनदा मोजला जातो तिथेच आपण कमी वेळ घालतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही मुलं कमी पडत नाहीत, त्यांना चुकीच्या दिशेला पळवलं जातं.

क्लासबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. मुलीच्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर आम्ही आमच्या भागातल्या एका क्लासचा डेमो बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. फी दीड हजार डॉलरच्या पुढे. शिकवणारी बाई चांगली होती, समजावून सांगायची हातोटी होती तिच्यात. पण मुलांच्या हातात दिलेला गठ्ठा मी चाळला तर त्यात पानभर लांबीचे उतारे आणि प्रत्येक उताऱ्याखाली नऊ-दहा प्रश्न. ही जुन्या, कागदावरच्या परीक्षेची पद्धत. आताच्या परीक्षेत उतारा जेमतेम २५ ते १५० शब्दांचा असतो आणि त्यावर एकच प्रश्न. लांब उतारा वाचायचं कसब वेगळं आणि दर सव्वा मिनिटाला नवा विषय डोक्यात घ्यायचं कसब वेगळं. एक उतारा शैवालावर, पुढचा एकोणिसाव्या शतकातल्या कवितेवर, त्याच्या पुढचा कुठल्यातरी अर्थशास्त्राच्या प्रयोगावर. मी विचारलं तर म्हणाले, नवं साहित्य येतंय. आम्ही परत आलो. तुम्ही कुठे पैसे भरणार असाल तर आधी त्यांचा वाचनाचा गठ्ठा मागून घ्या आणि उताऱ्याची लांबी बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता साधनांकडे वळते. पहिलं ब्लूबुक. खरी परीक्षा याच ॲपवर होते, त्यामुळे त्याला पर्याय नाही आणि मी त्याला पाचपैकी पाच देते. लॅपटॉपवर किंवा शाळेच्या क्रोमबुकवर टाकायचं, कॉलेज बोर्डाच्या खात्याने आत शिरायचं, पूर्ण लांबीची सराव परीक्षा निवडायची. घड्याळ, सुट्टी, प्रश्नांची मांडणी, सगळं हुबेहूब. वर मधोमध उलटी मोजणी चालू असते. ती लपवता येते, पण शेवटची पाच मिनिटं उरली की ती पुन्हा दिसते. आमच्या मुलीला ते घड्याळ बघून धडधडायचं, ती लपवून ठेवायची. मुलाला उलट घड्याळ समोर लागतं, नाहीतर तो एका प्रश्नावर रेंगाळतो. असल्या गोष्टी परीक्षेच्या दिवशी ठरवायच्या नसतात, त्या सरावातच ठरून जायला हव्यात.

पर्याय खोडायची सोय आहे, ती मुलांना वापरायला लावा. वाचनाच्या प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय बहुतेकदा लगेच खोडता येतात आणि उरलेल्या दोघांत खरी झुंज असते. चारही पर्याय समोर तसेच ठेवले की मूल परत परत तेच वाचत बसतं. प्रश्नावर खूण करून पुढे जायचं बटणही आहे, आणि खाली मधोमध प्रश्नाच्या क्रमांकावर दाबलं की सगळ्या प्रश्नांची चौकट उघडते, हव्या त्या प्रश्नावर उडी मारता येते.

ही उडी फार कामाची आहे आणि ती का, ते सांगते. वाचन-लेखनाच्या प्रत्येक भागात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. आधी शब्दांच्या अर्थाचे, मग उताऱ्याचा मुद्दा, पुरावा, आलेख वगैरे, त्यानंतर व्याकरण आणि विरामचिन्हं, आणि शेवटी वाक्यं जोडणारे शब्द आणि टिपणांवरून वाक्य निवडायचे प्रश्न. वेळखाऊ प्रश्न मध्यावर असतात आणि झटपट सुटणारे शेवटाकडे. सरळ क्रमाने गेलेलं मूल मधल्या पुराव्याच्या प्रश्नांत अडकतं आणि हातचे व्याकरणाचे गुण घाईत घालवतं. मुलगी शब्दार्थाचे प्रश्न झाले की थेट व्याकरणावर जायची, शेवटपर्यंत संपवायची आणि मग मागे येऊन मधले प्रश्न शांतपणे सोडवायची. तिला ते जमलं. मुलाला अजून सवय होतेय. प्रत्येकाला हे मानवेलच असं नाही, पण एका सराव परीक्षेत करून बघायला हरकत नाही.

टिपणांचे प्रश्न ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी: एका विद्यार्थ्याने एखाद्या विषयावर काढलेली चार-पाच टिपणं दिलेली असतात आणि खाली विचारलेलं असतं की त्याला अमुक गोष्ट दाखवायची आहे, तर कोणतं वाक्य योग्य. मुलं प्रामाणिकपणे वरून खाली सगळी टिपणं वाचतात. गरज नाही. आधी खालचं उद्दिष्ट वाचायचं. दोन गोष्टींतलं साम्य दाखवायचं असेल तर ज्या पर्यायात साम्य दाखवलंय तोच बरोबर, बाकीचे तीन पर्याय माहिती म्हणून खरे असले तरी त्या उद्दिष्टाचे नसतात. हे एकदा लक्षात आलं की अर्ध्या मिनिटात प्रश्न संपतो, आणि वाचलेला वेळ मधल्या कठीण प्रश्नांना मिळतो.

ब्लूबुकची एकच अडचण: पीएसएटीच्या म्हणून दिलेल्या पूर्ण परीक्षा मोजक्याच आहेत. त्या पहिल्याच आठवड्यात संपवू नका. एक सुरुवातीला, एक अगदी शेवटी. मधल्या काळात एसएटीच्या सराव परीक्षा वापरा. एसएटीचेही ९८ प्रश्न आणि तेवढाच वेळ, प्रश्न थोडे कठीण. एसएटीची तयारी तशीही पुढे करायचीच आहे, त्यामुळे काही वाया जात नाही. तीच परीक्षा पुन्हा पुन्हा देण्यात मात्र अर्थ नाही. उत्तरं लक्षात राहतात आणि वाढलेले गुण बघून घरातले सगळे उगाच खूश होतात.

परीक्षा झाल्यावर कॉलेज बोर्डाच्या सरावाच्या पानावर जाऊन प्रत्येक प्रश्न स्पष्टीकरणासह बघता येतो. मुलं गुण बघतात आणि लॅपटॉप मिटतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आमच्याकडे नियम होता की परीक्षा शनिवारी सकाळी आणि चुकलेले प्रश्न रविवारी, गुणांवर चर्चा नाही.

दुसरं साधन प्रश्नपेढी, आणि माझ्या मते तिघांतलं हे सगळ्यात दुर्लक्षित. मी भेटलेल्या पालकांपैकी फार थोड्यांनी तिचं नाव ऐकलंय. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर आहे. परीक्षा कोणती, विभाग कोणता, त्यातला नेमका उपविषय कोणता, सोपे, मध्यम की कठीण, हे सगळं निवडलं की तेवढेच प्रश्न समोर येतात. उत्तरांसह किंवा उत्तरांशिवाय पीडीएफ काढता येते. प्रश्न परीक्षा बनवणाऱ्यांनीच लिहिलेले, त्यामुळे त्यांचा बाज खराखुरा. ब्लूबुकच्या सराव परीक्षांत आलेले प्रश्न वगळायची खूणही आहे, ती न विसरता करा, नाहीतर सराव परीक्षेतले प्रश्न आधीच डोळ्यांखालून गेलेले असतील. तक्रार एकच: छापायला घेतलं की एका पानावर एकच प्रश्न येतो. कागदाचा धुरळा. आम्ही आता उत्तरांशिवायची फाइल टॅबलेटवर उघडतो आणि मुलगा उत्तरं वहीत लिहितो.

मुलाचं उदाहरण देते म्हणजे ही पेढी कशी वापरायची ते कळेल. त्याचं गणित चांगलं, पण पहिल्या सराव परीक्षेत विरामचिन्हांचे जवळजवळ सगळे प्रश्न गेले. पोरगं बुजलं. मी फक्त त्या उपविषयाचे मध्यम प्रश्न काढले. एका प्रश्नात रिकाम्या जागेच्या अलीकडे एका शास्त्रज्ञाने काय शोधलं हे सांगणारं वाक्य होतं, पलीकडे त्या शोधाचा पुढे काय उपयोग झाला हे सांगणारं. चार पर्यायांत शब्द तोच, फरक पुढच्या चिन्हाचा. एकात नुसता कॉमा, एकात कॉमा आणि ‘अँड’, एकात नुसतं ‘अँड’, एकात काहीच नाही. तो म्हणाला, “आई, मी वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा टाकतो.” इथेच घोळ आहे. श्वास कुठे घेतला याच्याशी या परीक्षेला काही देणंघेणं नाही. मी त्याला म्हटलं, रिकाम्या जागेवर हात ठेव आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाच. डावीकडचं वाक्य एकटं पूर्ण आहे का? आहे. उजवीकडचं? तेही आहे. मग नुसता कॉमा चालणार नाही, नुसतं ‘अँड’ही चालणार नाही आणि काहीच नसलेलं तर नाहीच. उरलं कॉमा आणि ‘अँड’.

मी सोलापूरला मराठी माध्यमात शिकले. माझं इंग्रजी व्याकरण काही खास नाही. पण हे दोन्ही बाजू वाचून बघण्याचं काम कोणीही आई-बाप मुलाजवळ बसून करू शकतात. याच पद्धतीतून पुढच्या गोष्टीही सुटल्या: दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये सेमिकोलन चालतो, कोलनच्या डावीकडे पूर्ण वाक्य लागतं, मध्येच घुसवलेली माहिती दोन कॉमांत किंवा दोन डॅशांत बसते, एका बाजूला कॉमा आणि दुसऱ्या बाजूला डॅश असं चालत नाही. एक छोटी युक्ती मुलीने भावाला शिकवली. दोन पर्यायांचं काम अगदी सारखंच असेल, समजा एकात पूर्णविराम आणि दुसऱ्यात सेमिकोलन, आणि दोन्ही जागी वाक्य तितकंच बरोबर होत असेल, तर ते दोन्ही चूक, कारण बरोबर उत्तर एकच असतं. काही आठवड्यांत मुलाचे या उपविषयातले प्रश्न चुकणं जवळजवळ थांबलं. वाचन-लेखनात सगळ्यात लवकर वाढणारे गुण हेच, आणि ते दोनदा मोजले जातात.

शब्दार्थाच्या प्रश्नांना मात्र असा जवळचा रस्ता मला सापडला नाही. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा उताऱ्यातला नेमका कोणता भाग त्या शब्दाकडे बोट दाखवतो ते शोधायला शिकवणं जास्त उपयोगी पडलं. पर्याय न बघता आधी आपल्या मनाने साधा शब्द भरायचा आणि मग त्याच्या जवळचा पर्याय घ्यायचा. आणि वर्षभर वाचत राहणं. हे सप्टेंबरात सुरू करून ऑक्टोबरात होत नाही, म्हणून नववी-दहावीच्या पालकांना मी कळकळीने सांगते की मूल आज जे वाचतंय, मग ते खेळाचं असो की विज्ञानाचं, त्याला वाचू द्या.

तिसरं खान अकादमी. २०१५ पासून त्यांचा आणि कॉलेज बोर्डाचा एसएटीचा मोफत अभ्यासक्रम आहे आणि आता तो डिजिटल परीक्षेप्रमाणे बदललेला आहे. पीएसएटीसाठी तोच वापरायचा, कारण दोन्हींत विषय बहुतेक तेच आहेत. वाचन-लेखन आणि गणित असे दोन वेगळे अभ्यासक्रम, प्रत्येकात पायाभूत, मध्यम आणि प्रगत अशा पायऱ्या. एखादा विषय मुळातच आला नसेल तर यासारखं साधन नाही. छोटे व्हिडिओ, लगेच सरावाचे प्रश्न, अडलं तर पायरीपायरीने इशारा. मुलाला टक्केवारीची उदाहरणं, म्हणजे आधी २० टक्के वाढलं आणि मग २० टक्के घटलं तर मूळपेक्षा किती, असली, इथेच नीट कळली.

पण मी याला पाचपैकी चारच देईन. तिथल्या पातळ्या आणि गुण मुलांना गोळा करावेसे वाटतात. चार प्रश्नांचा संच चुकला की लगेच पुन्हा करायचा, पुन्हा चुकला की पुन्हा, आणि पातळी वर गेली की झालं. पातळी वर गेली म्हणजे विषय आला असं नाही. ज्याला मुळात बऱ्यापैकी येतं त्या मुलाला वाचनाचे प्रश्न लवकरच ओळखीचे वाटू लागतात. म्हणून आमचा क्रम असा होता: ब्लूबुकवर परीक्षा, त्यात काय चुकलं ते पाहायचं, तेवढंच खान अकादमीवर शिकायचं आणि लगेच प्रश्नपेढीतून त्याच उपविषयाचे कठीण प्रश्न. खान अकादमीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं करायला बसलेलं मूल कंटाळतं, आणि त्याचं काही चुकतही नाही.

गणिताबद्दल थोडं, कारण तिथेही एक नवी गोष्ट आहे. पूर्ण गणिताच्या विभागात डेस्मॉसचं आलेख काढणारं कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतं. आपल्या पिढीतल्या पालकांना हे फसवल्यासारखं वाटतं. मलाही मुलाने हाताने सोडवावं असंच वाटतं. पण परीक्षेत ते आहे, तर ते कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं हे शिकवणं भाग आहे. एक उदाहरण बघा: एक्स वर्ग वजा सहा एक्स अधिक सी, हा पॅराबोला एक्स अक्षाला एकाच बिंदूत स्पर्श करतो, तर सी किती? डेस्मॉसवर हे टाकलं की सी साठी सरकपट्टी येते. ती ओढत नेली की वक्र वर सरकतो आणि सी नऊ झाला की अक्षाला टेकतो. झालं उत्तर. आता सहाच्या जागी पाच ठेवा. पट्टी ६.२ वरून ६.३ वर जाते, एकदा वक्र अक्षाच्या किंचित खाली, एकदा किंचित वर, आणि मूल या दोघांतलं एक उत्तर लिहून पुढे जातं. खरं उत्तर ६.२५. हाताने केलं तर २५ वजा ४ सी बरोबर शून्य, एका ओळीचं काम. गणितात साधारण पाव प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर स्वतः लिहायचं असतं, आणि नेमक्या अशाच जागी हा घात होतो. म्हणून आमच्याकडे नियम: डेस्मॉसने उत्तर काढलं तरी ते समीकरणात घालून पडताळायचं. दोन रेषा कुठे छेदतात, आलेखाचा सर्वांत खालचा बिंदू कोणता, असल्या प्रश्नांना मात्र बिनधास्त डेस्मॉस.

आणि वही. पाठच्या पानापासून सुरू केलेली एक साधी वही, तीत फक्त चुकलेले प्रश्न. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण: येत नव्हतं, नीट वाचलं नाही, की वेळ संपला. मुलगा सुरुवातीला सगळीकडे ‘सिली मिस्टेक’ लिहायचा. मी ते शब्द बंद केले. प्रश्नात ‘एक्सची किंमत’ नाही तर ‘दोन एक्सची किंमत’ विचारली होती आणि मी एक्सवर थांबलो, असं पूर्ण लिहायचं. असं लिहिलं की पुढच्या वेळी डोळा आपोआप प्रश्नाच्या शेवटच्या शब्दावर जातो. ही वही मला इंग्रजी येतं की नाही याच्यावर अवलंबून नाही. रात्री जेवणं झाली की मी ती उघडून बघते आणि तो काय चुकलं ते मला समजावून सांगतो. सांगताना अडखळला की कळतं, अजून आलेलं नाही.

क्लास कोणालाच नको असं मी म्हणत नाही. जे मूल एकटं बसूच शकत नाही, ज्याला ठरलेली वेळ आणि समोर माणूस लागतो, त्याला शिकवणीचा फायदा होतो. ज्या घरात दोघंही पालक दुसऱ्या पाळीत कामाला आहेत त्यांना कोणीतरी लक्ष ठेवणारं हवं, हेही समजतं. तेव्हा पूर्ण पॅकेजपेक्षा फक्त वाचन-लेखनासाठी एखादा चांगला शिक्षक गाठा, आणि तो ब्लूबुकचेच प्रश्न घेऊन बसतो का ते विचारा. पूर्वतयारी म्हणून गावच्या सार्वजनिक लायब्ररीतही चौकशी करा. अनेक ठिकाणी फुकट सराव परीक्षा घेतात आणि मुलांना घराबाहेर, अनोळखी खोलीत बसून परीक्षा द्यायची सवय होते.

मुलीचं काय झालं हे विचाराल म्हणून सांगते. पहिल्या सरावात इंग्रजी ६४०, गणित ७२०. प्रत्यक्ष परीक्षेत ७२० आणि ७६०. निर्देशांक २२०. त्या वर्षी देशपातळीवर कमेंडेडची रेषा २०८ होती, त्यामुळे तिला प्रशस्तिपत्र मिळालं, सेमीफायनल मात्र हुकली. गणितात पैकीच्या पैकी असूनही. मला तिचा अभिमान आहे, आणि त्या ८० गुणांच्या वाढीचा जास्त आहे, कारण पुढे एसएटीला तेच कामाला आलं.

ज्यांना यातल्या पैशांबद्दल आशा आहे त्यांच्यासाठी: देशभरातून साधारण १६ हजार मुलं सेमीफायनलिस्ट होतात, त्यांना पुढे निबंध, शाळेची शिफारस आणि एसएटी किंवा एसीटी या तशाच दुसऱ्या परीक्षेचे गुण द्यावे लागतात, त्यातली सुमारे १५ हजार फायनलिस्ट होतात आणि त्यातल्याही सगळ्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही. नॅशनल मेरिटची स्वतःची रक्कम एकदाच मिळणारे २,५०० डॉलर. आयव्ही लीग कॉलेजं गुणवत्तेवर पैसे देतच नाहीत. पण अलाबामा किंवा टेक्सासची डॅलसची युनिव्हर्सिटी यांसारख्या काही ठिकाणी फायनलिस्टना भरघोस मदत मिळते, आणि ज्या घरात दोन मुलं पाठोपाठ कॉलेजात जाणार आहेत तिथे हा विचार जरूर करावा.

शेवटी कामाचं: या परीक्षेचा अर्ज एसएटीसारखा घरून ऑनलाइन भरता येत नाही, तो शाळेमार्फतच होतो. काही शाळा सगळ्यांना आपोआप बसवतात, काहींत नाव द्यावं लागतं आणि मुदत लवकर संपते. शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच काउन्सेलरना ईमेल करा. मूल होमस्कूल असेल तर जवळच्या शाळेशी त्याच्याही आधी बोला. ब्लूबुकमधलं परीक्षेचं सेटअप शाळा सांगेल त्या दिवशी पूर्ण करा, आणि आदल्या रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावा. मध्येच वायफाय गेलं तर परीक्षा थांबत नाही, ते फक्त सुरुवातीला आणि शेवटी उत्तरं पाठवताना लागतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाहीत.